फॉलिक्युलर स्टडीत दिसलेली बाकीची फॉलिकल्स गेली कुठे?

हिशेबनीस

माझा पेशा ऑडिटचा. आकड्याला आकडा जुळला नाही की मला चैन पडत नाही, मग तो ताळेबंद असो की माझ्याच ओटीपोटाचा रिपोर्ट.

सध्या फॉलिक्युलर स्टडी चालू आहे. औषध काही नाही, नुसतं बघायचं: बीज आपलं आपण तयार होतंय का, आणि फुटतंय कधी. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत उजवीकडे सहा आणि डावीकडे पाच बारकी फॉलिकल्स (बीज असलेल्या पाण्याच्या पिशव्या) होती, 3 ते 6 मिमीची. बाराव्या दिवशी डावीकडे एक 11 मिमीचं. पंधराव्या दिवशी तेच 17 मिमी. उरलेल्या दहांबद्दल रिपोर्टात अवाक्षर नाही. तर ती दहा गेली कुठे? एका महिन्यात एवढी बीजं वाया जाणार असतील तर माझा साठा भराभर संपेल ना?

दुसरी न जुळणारी गोष्ट रक्ताच्या रिपोर्टातली. एफएसएच नावाचं संप्रेरक 6.8 आलं, "छान आहे" म्हणाले. एफएसएचमुळे फॉलिकल वाढतं हे जिथे तिथे लिहिलेलं असतं. त्याच पानावर खाली आलेख असतो, आणि त्यात फॉलिकल मोठं होत जातं तसतसं एफएसएच उतरत जातं. ज्याच्या जोरावर वाढायचं तेच कमी होत असताना वाढीला एवढा वेग कसा? आलेख काढणाऱ्याला हा प्रश्न पडला नसेल का?

तिसरा प्रश्न बाळबोध आहे, पण डोक्यातून जात नाही. अकरांमधून हेच एक का? हे ठरवतं कोण, मेंदू?

डॉक्टर चांगल्या आहेत, विचारलं की सांगतात. पण तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्यावर मला प्रश्न सुचत नाहीत. सुचतात ते रात्री.

सहज_सुचलं

काळजी नसावी. महिन्याला एकच बीज खर्च होतं, बाकीची पुढच्या महिन्यासाठी थांबून राहतात. म्हणजे तुमची दहा शिल्लकच आहेत. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की तर तेही एक वाचतं, म्हणून गोळ्या घेणाऱ्यांची पाळी उशिरा जाते.

काळीपांढरी

सहज_सुचलं, या दोन्ही गोष्टी सर्रास ऐकू येतात आणि दोन्ही खऱ्या नाहीत. थांबून कुणी राहत नाही.

मी सोनोग्राफी करते. दिवस पडद्यासमोर जातो आणि पेशंटशी बोलायला वेळ मिळत नाही, त्यामुळे इथे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी साठ्याचं बघू. आपल्याकडे बीजं सगळ्यात जास्त असतात ती आपण आईच्या पोटात पाच महिन्यांच्या असताना, 60 ते 70 लाख. जन्माला येईपर्यंत त्यातली 10 ते 20 लाख उरतात. पाळी सुरू होते तेव्हा 3 ते 4 लाख. आणि सगळ्या आयुष्यात फुटून बाहेर पडतात ती साधारण 400. पाळी कायमची थांबते त्या सुमाराला हजारेक शिल्लक असतात. आता तुम्हीच वजाबाकी करा. सगळा खर्च गळतीचा आहे. फुटण्याचा खर्च त्यापुढे नगण्य. ही गळती पाळी सुरू व्हायच्या आधीही चालू असते, गरोदरपणात चालू असते, गोळ्या चालू असतानाही असते. गोळीनं बीज फुटायचं थांबतं, गळायचं थांबत नाही.

तेव्हा तुमची ती दहा विरून गेली, आणि ती कशीही विरणारच होती. त्यांच्यामुळे साठा ठरल्यापेक्षा लवकर संपत नाही.

शिवाय ती अकरा या महिन्यात सुरू झालेली नव्हतीच. सुप्त फॉलिकल म्हणजे मधोमध बीज आणि भोवती चपट्या पेशींचा एकच थर, सगळं मिळून 0.03 ते 0.05 मिमी. आमच्या मशीनला ते दिसायचं नाही. ते जागं होतं तेव्हा एफएसएच त्याच्या गावीही नसतं. तिथून पेशींचे थर चढत चढत आत पाण्याची पोकळी धरेपर्यंत कित्येक महिने जातात. पोकळी धरायच्या जरा आधीपासून बीज फुटेपर्यंतचा शेवटचा टप्पाच साधारण 85 दिवसांचा, म्हणजे तीन पाळ्यांचा, धरतात. तुमच्या अकरांचं नशीब इतकंच की एफएसएच वर आलं तेव्हा ती नेमकी 2 ते 6 मिमीला पोचलेली होती. त्याआधी दोन आठवडे कुणी त्या मापाला पोचलं असेल तर ते मुकाट विरलं, कारण तेव्हा एफएसएच खाली होतं.

एफएसएच वर येतं ते पाळी यायच्या दोनतीन दिवस आधीपासून. मागच्या चक्रातलं पीतपिंड (बीज फुटून गेल्यावर त्या फॉलिकलचं जे होतं ते) सुकत जातं, त्याच्याकडून येणारी इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि इन्हिबिन ए ही संप्रेरकं घटतात, आणि पीयूषिकेवरचा (मेंदूखालची ग्रंथी, एफएसएच तीच सोडते) दाब सुटतो. हा चढ मोठा नसतो, पण त्या मापाच्या फॉलिकल्सना तेवढा पुरतो.

आता फॉलिकलच्या भिंतीत काय चालतं ते जरा सावकाश बघा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. भिंतीत दोन प्रकारच्या पेशी. बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या (हेही पीयूषिकेचंच संप्रेरक) हुकमावर कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन बनवतात. होय, पुरुषी म्हणतात तीच संप्रेरकं, आणि त्यांच्याशिवाय बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन बनतच नाही. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींकडे अरोमाटेज नावाचं विकर असतं. एफएसएच मिळालं की ते कामाला लागतं आणि बाहेरून आलेल्या अँड्रोजेनचं इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, करतं. दोघींपैकी एकीला हे एकटीनं जमत नाही.

अकराच्या अकरा फॉलिकल्स हेच करू लागतात. रक्तात इस्ट्राडायॉल वाढतं, सोबत इन्हिबिन बी. दोन्ही पीयूषिकेला एकच निरोप देतात, एफएसएच आवर. म्हणजे एफएसएचच्या जिवावर वाढणारी फॉलिकल्सच एफएसएच खाली ओढतात. त्या वेळी एखादं फॉलिकल बाकीच्यांच्या मिलिमीटरभर पुढे असतं. त्याच्यात ग्रॅन्युलोसा पेशी जास्त, त्या पेशींवर एफएसएच पकडणारे रिसेप्टर जास्त, भोवती रक्तवाहिन्यांचं जाळं दाट. विहिरीचं पाणी खोल गेलं की ज्याची मुळं खोल ते झाड तगतं आणि शेजारचं वाळतं, तसा प्रकार.

पण नुसत्या तग धरण्यानं 11 चं 17 होत नाही. खरी मेख पुढे आहे. 10 मिमीच्या आसपास या पुढच्या फॉलिकलच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएचचे रिसेप्टर येतात. तोवर एलएच फक्त थीकाला कळत होतं, आता आतल्या पेशींनाही कळू लागतं. एफएसएच उतरलं तरी एलएच रक्तात आहेच, त्याच्यावर काम चालू राहतं, आणि इथून फॉलिकल रोज साधारण 2 मिमीनं वाढतं. तुमचे आकडेच बघा, तीन दिवसांत 6 मिमी. बाकीच्या दहांपाशी ही सोय नसते. त्यांच्यात अँड्रोजेन येत राहतं पण त्याचं इस्ट्रोजेन पुरेसं होत नाही, ग्रॅन्युलोसा पेशी मरू लागतात, आतलं पाणी शोषलं जातं. बाराव्या दिवशीही ती पडद्यावर असतात, 5-6 मिमीचे काळे ठिपके म्हणून. रिपोर्टात आम्ही ती लिहीत नाही, कारण पुढच्या निर्णयाला त्यांचा उपयोग नसतो. तुम्ही पैसे देऊन करून घेतलेल्या तपासणीत ती गाळलेली दिसतात हे मात्र खरं.

म्हणजे आलेखातला तो उतार चूक नाही. एक ठेवून बाकीची काढून टाकण्याचं काम तोच उतार करतो.

तिसरा प्रश्न बाळबोध तर मुळीच नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे पीयूषिकेला चालवणारं संप्रेरक सुटतं, तेही ठोक्याठोक्यानं. फॉलिकल वाढत असताना साधारण 60 ते 90 मिनिटांना एक ठोका. अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ऱ्हीसस माकडिणींच्या मेंदूतला हा भाग निकामी केला आणि बाहेरून पंपानं जीएनआरएच द्यायला घेतलं. तासाला एक ठोका दिला तर एफएसएच आणि एलएच पुन्हा सुरू. तेच संप्रेरक न थांबता संथ धारेनं दिलं तर दोन्ही बंद पडली. मला मात्र त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. पंपाचा वेग तासाला एक ठोका असा कायम ठेवला, त्यात जराही फरक केला नाही, तरी त्या माकडिणींत फॉलिकल वाढलं, एलएचची लाट वेळेवर आली, बीज फुटलं आणि चक्र 28 दिवसांच्या आसपास पूर्ण झालं. वरून वेळ सांगणारं कुणी नव्हतं. पंपाला तर महिना म्हणजे काय तेही ठाऊक नाही.

वेळ सांगत होतं फॉलिकल. थोडं इस्ट्राडायॉल पीयूषिकेला दाबून ठेवतं. पण ते मिलिलिटरला 200 पिकोग्रॅमच्या वर चढून दोनेक दिवस तिथेच टिकलं की परिणाम उलटा होतो आणि एलएच उसळतं. एवढं इस्ट्राडायॉल इतके तास पुरवणं पूर्ण वाढलेल्या, धडधाकट फॉलिकललाच जमतं. तेव्हा निवडलं कुणी म्हणाल तर त्यानंच स्वतःला निवडलं, इतरांची रसद तोडली, आणि आपली तयारी झाल्यावर मेंदूला कळवलं. या महिन्यात डावी तर पुढच्या महिन्यात उजवी, असाही नियम नाही.

हिशेबनीस

आता जुळलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन.

मग माझा पुढचा प्रश्न ओघानंच येतो. एफएसएच उतरल्यामुळे दहा जात असतील, तर बाहेरून एफएसएच देऊन तो उतार येऊच दिला नाही तर? आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) एका वेळी आठ-दहा बीजं काढतात ती अशीच का? आणि मग तरी साठा कमी होत असेल ना?

काल सतराव्या दिवशीची सोनोग्राफी झाली. 23 x 19 लिहिलंय आणि पुढे सरासरी 21. एकाच गोळ्याचे दोन आकडे का?

इन्क्युबेटर

पहिल्या भागाचं मी सांगते, कारण मी ज्यांच्यावर काम करते ती बहुतेक सगळी तुमच्या "बाकीच्या दहा"तलीच. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत बीजं आणि गर्भ हाताळते.

अंदाज बरोबर आहे. रोज एफएसएचचं इंजेक्शन दिलं की पातळी वरच राहते आणि जी विरणार होती ती तगतात. पुढच्या महिन्यांच्या, पुढच्या वर्षांच्या साठ्याला त्यानं हात लागत नाही. सुप्त फॉलिकल एफएसएचला दाद देत नाही, कितीही द्या. म्हणून वीस फॉलिकल्स दिसणाऱ्या बाईची बीजं जास्त येतात आणि चार दिसणारीची कमी. इंजेक्शन दुप्पट केलं म्हणून चाराची आठ होत नाहीत. हे समजावून सांगणं आमच्याकडचं सगळ्यात अवघड काम आहे, मायक्रोस्कोपपेक्षाही.

गंमत अशी की पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंजेक्शनांच्या चक्रातली नव्हतीच. लुईझ ब्राऊनचा जन्म 25 जुलै 1978 चा. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी आधी औषधं देऊन बरीच वर्षं प्रयत्न केले होते. यश आलं ते तिच्या आईच्या नैसर्गिक चक्रात, एकाच फॉलिकलमधल्या एकाच बीजावर. लघवीतलं एलएच पुन्हा पुन्हा तपासून लाट कधी सुरू झाली ते पकडायचं आणि त्यावरून बीज काढायची वेळ ठरवायची, रात्र असो की पहाट. एडवर्ड्सना नोबेल मिळालं ते 2010 मध्ये. तोवर स्टेप्टो हयात नव्हते.

लाट सुरू झाल्यापासून बीज फुटायला 34 ते 36 तास लागतात. आमचं सगळं वेळापत्रक या आकड्यावर उभं आहे. एलएचच्या जागी आपण एचसीजीचं (एलएचसारखंच काम करणारं संप्रेरक) इंजेक्शन देतो, म्हणून ते रात्री 10:45 सारख्या विचित्र वेळेला घ्यायला सांगतात. पंधरा मिनिटं चुकली तर फोन करा, दोन तास चुकली तर नक्कीच करा. बीजं काढायला उशीर झाला तर फॉलिकल्स आधीच फुटतात आणि बीजं पोटात जातात. लवकर काढायला गेलं तर ती भिंत सोडत नाहीत.

आणि एक, जे मला इतकी वर्षं बघूनही जुनं वाटत नाही. या लाटेपर्यंत बीजाचं विभाजन अर्धवट थांबलेलं असतं, तेही जन्माच्या आधीपासून. बाई 35 वर्षांची असेल तर तिचं बीज पस्तीस वर्षांहून जास्त काळ त्याच पायरीवर उभं आहे. भोवतालच्या फॉलिकलच्या पेशीच त्याला रोखून धरतात. एलएच आलं की ती पकड सुटते आणि काही तासांत बीज आपली निम्मी गुणसूत्रं एका चिमुकल्या पिंडात भरून बाहेर टाकतं. ध्रुवीय पिंड म्हणतात त्याला. बीज सुमारे 0.1 मिमीचं. भोवतीच्या चिकट पेशी काढून टाकल्या की मी आधी त्याच्या कडेला तो पिंड शोधते. दिसला तर बीज पक्व. नाही दिसला तर फॉलिकल 20 मिमीचं होतं की 22 चं, याला काही अर्थ उरत नाही. वय वाढलं की गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात, त्यामागे हे इतकं लांबलेलं थांबणं हे एक मोठं कारण मानतात.

काळीपांढरी

दोन आकड्यांचं माझ्याकडे.

फॉलिकल पडद्यावर काळं दिसतं कारण आत पाणी असतं. बीज दिसत नाही, ते कुणालाच सोनोग्राफीत दिसत नाही. पेशंट विचारतात, "बीज केवढं झालं?" आणि आम्हीही बोलून जातो, "17 चं झालंय". ते माप पाण्याच्या पिशवीचं असतं. आता ही पिशवी नेहमी गोल नसते. शेजारच्या फॉलिकलनं दाबली, मी प्रोब जरा जोरानं टेकवला, आतडं भरलेलं असलं, की ती लांबट होते. म्हणून चित्र गोठवायचं, सगळ्यात मोठा व्यास पकडून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत एक रेघ टाकायची, मग तिला काटकोनात दुसरी, आणि सरासरी काढायची. तुमचे 23 आणि 19, म्हणून 21. आज मी मोजलं आणि उद्या दुसऱ्या कुणी मोजलं तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक येतोच. त्यावरून "कालपेक्षा वाढ कमी झाली" असं घरी बसून काढू नका. ऑडिटवाल्यांना हे सांगायची गरज नसावी.

21 हे माप फुटायच्या बेतात असलेल्या फॉलिकलचं आहे. बहुतेक 18 ते 25 च्या मध्ये कुठेतरी फुटतात. पुढच्या वेळी तुमची मॅडम तीन गोष्टी बघेल. ती काळी गोल जागा नाहीशी झाली किंवा आक्रसून वेडीवाकडी झाली का. तिच्या आत करडं, धुरकट काही भरलंय का. आणि गर्भाशयामागे थोडं पाणी उतरलंय का. डॉपलर लावलं तर त्या जागेभोवती रक्तवाहिन्यांचं रंगीत कडं दिसतं, ते पीतपिंड. त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तरावरही नजर टाका. फुटायच्या आधी त्यात तीन रेघा स्पष्ट दिसतात, नंतर प्रोजेस्टेरॉननं ते सगळं एकसारखं पांढरट होतं. कधी कधी माझा निर्णय फॉलिकल बघून होत नाही, अस्तर बघून होतो.

अनियमित

धागा वाचतेय पहिल्यापासून. माझं दुखणं उलटं आहे. पीसीओएस, म्हणजे फॉलिकल्स पुष्कळ पण बीज वेळेवर न फुटण्याचा विकार. दोन्हीकडे वीसच्या वर फॉलिकल्स, सगळी 4 ते 7 मिमीची, एएमएच (साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) 9. "साठा भरपूर आहे" म्हणतात. असेल, पण मोठं एकही होत नाही, मग त्या भरपूरचं करायचं काय? आता लेट्रोझोल लिहून दिलंय. गुगल केलं तर स्तनाच्या कर्करोगाचं औषध निघालं. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

काळीपांढरी

अनियमित, घरच्यांना सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लेट्रोझोल अरोमाटेज बंद करतं, म्हणजे इस्ट्रोजेन बनायचं थांबवतं. स्तनाच्या काही कर्करोगांना इस्ट्रोजेन खतपाणी घालतं, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षं देतात. तुम्हाला पाचच दिवस घ्यायचंय आणि हेतू वेगळा आहे. त्यावर येते.

तुमच्याकडे जे वीस दिसतंय त्या गाठी नव्हेत, मध्येच अडकलेली फॉलिकल्स आहेत. एएमएच याच बारक्या फॉलिकल्सच्या ग्रॅन्युलोसा पेशी बनवतात आणि फॉलिकल 8-10 मिमीच्या पुढे गेलं की बनवणं जवळपास थांबवतात. म्हणून आकडा मोठा. आणि एएमएचचा आणखी एक उद्योग म्हणजे ते फॉलिकलला एफएसएचच्या बाबतीत जरा बधिर करतं. वर पीसीओएसमध्ये जीएनआरएचचे ठोके जलद पडतात. जलद ठोक्यांनी एलएच जास्त सुटतं, सावकाश ठोक्यांनी एफएसएच. एलएच जास्त म्हणून थीका पेशी अँड्रोजेन जास्त बनवतात, इन्सुलिन वाढलेलं असेल तर ते त्यांना आणखी चिथावतं. एफएसएच मात्र धड वर येत नाही आणि धड उतरतही नाही. त्यामुळे कुणी 10 मिमी ओलांडत नाही आणि कुणी लवकर विरतही नाही, सगळी ताटकळतात. बीज फुटलं नाही म्हणून पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. आणि ठोके सावकाश करायचं काम प्रोजेस्टेरॉनचं. असं ते फिरून फिरून तिथेच येतं.

लेट्रोझोलनं इस्ट्राडायॉल एकदम घटतं. पीयूषिकेला वाटतं फॉलिकल्स झोपलीत, ती एफएसएच वाढवते. तुम्हाला हवा होता तो चढ मिळाला. आता त्यातला चांगला भाग असा की हे औषध शरीरातून लवकर जातं, अर्धं व्हायला दोनेक दिवस. गोळ्या संपल्यावर अरोमाटेज पुन्हा सुरू, पुढे गेलेलं फॉलिकल इस्ट्राडायॉल बनवू लागतं, एफएसएच आपोआप उतरतं. वर हिशेबनीस यांना सांगितला तोच उतार. म्हणून बहुतेक वेळा एखाददुसरंच मोठं होतं. जुनं क्लोमिफीन वेगळ्या वाटेनं जातं. ते इस्ट्रोजेनचे रिसेप्टरच अडवून बसतं आणि शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे फॉलिकलनं "आवर" म्हटलं तरी वर ऐकू जात नाही, आणि काहींचं अस्तरही पातळ राहतं. पीसीओएसमध्ये आता आधी लेट्रोझोल देतात ते यासाठी.

डोस आणि दिवस तुमच्या डॉक्टरांनी सांगितले तेच. आणि "साठा भरपूर" हे वाक्य खरं असलं तरी अर्धंच आहे, त्यावर चिडायचा तुम्हाला हक्क आहे.

अनियमित

नवऱ्याला वाचायला दिलं. त्याचा पहिला प्रश्न, "मग माकडिणींचं पुढे काय झालं?"

हिशेबनीस

फुटलं! एकोणिसाव्या दिवशी. पाणी उतरलेलं, डावीकडे वेडीवाकडी करडी जागा, आणि अस्तर पांढरट. मी पडद्याकडे बोट दाखवून "हे पीतपिंड ना?" विचारलं तर मॅडम हसल्या.

आता प्रोजेस्टेरॉन करायला सांगितलंय आणि कागदावर छापील "21 वा दिवस" आहे. माझी पाळी 32-33 दिवसांनी येते. फुटून दोनच दिवस झालेले असताना काय दिसणार?

काळीपांढरी

काही नाही, उगाच कमी येईल आणि तुमची झोप जाईल. तो छापील 21 हा 28 दिवसांचं चक्र गृहीत धरून आहे. पाळी यायच्या सुमारे सात दिवस आधी, म्हणजेच बीज फुटून सातेक दिवस झाल्यावर पीतपिंड ऐन भरात असतं, रक्त तेव्हा द्यायचं. चक्राचा पहिला भाग लांब-आखूड होतो, फॉलिकलला वाढायला लागेल तेवढा. दुसरा भाग मात्र पीतपिंडाच्या आयुष्याएवढा, बहुतेकींमध्ये 12 ते 14 दिवस. गर्भ रुजला आणि त्याचं एचसीजी आलं तर ते पीतपिंड जगतं, नाही तर सुकतं. तुमचं एकोणिसाव्याला फुटलंय, म्हणजे सव्विसावा दिवस धरा. उद्या फोन करून विचारा, त्या नक्की बदलून देतील.

आकडा मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर आला की बीज फुटलं असं धरतात. त्याच्या पुढे 9 आले की 16, यावर डोकं लढवू नका. प्रोजेस्टेरॉनही ठोक्याठोक्यानं सुटतं, काही तासांत आकडा कित्येक पटींनी वरखाली होतो, आणि सुई तुमच्या दंडात कुठल्या क्षणी गेली त्यावर बरंच अवलंबून असतं.